घासणारं चाक

उस्तादाला हरायची सवय नव्हती, आणि ज्याला ती नसते त्याच्या घरच्यांना बाकीच्या बऱ्याच सवयी लावून घ्याव्या लागतात.

उस्ताद म्हणजे सायकली दुरुस्त करणारा माणूस. वय बावन्न, पोटऱ्या टणक, आणि जीभ दुकानातल्या कानशीपेक्षा खरखरीत. वस्तीमागच्या टेकडीवर नऊ किलोमीटरची मातीची वाट आहे. सायकलवाल्यांनीच वर्षानुवर्षं चाकं फिरवून ती पाडली आणि झाडांवर पिवळे बाण रंगवले. एका वेळी एकच सायकल जाईल एवढी ती अरुंद. आधी मुळांचा जिना लागतो, मग दोन खडकांमधला चिमटा, आणि शेवटी दीड किलोमीटरचा सलग चढ. त्या चढाला सगळे 'दळण' म्हणतात, कारण तिथे मान खाली घालून नुसतं दळत राहावं लागतं. दळण संपतं तिथे पाण्याची एक जुनी कोरडी टाकी आहे. टाकीला जो आधी हात लावील तो पहिला. पंच नाही, बक्षीस नाही, टाळ्या वाजवायला कुत्रंसुद्धा नाही. पण दर रविवारी त्या टाकीला आधी हात लावला नाही, तर उस्तादाला आठवडाभर अन्न गोड लागत नसे.

त्याच्याबरोबर यायचा तो त्याचा धाकटा मेहुणा, बायकोचा भाऊ. हा दातांचा डॉक्टर. मोठं घर, थंडगार दवाखाना, सावकाश बोलणं. लोक त्याच्यापुढे मुकाट्याने तोंड उघडून बसत. उस्तादापुढे लोक पंक्चर घेऊन यायचे आणि वर घासाघीस करायचे. त्यामुळे मेहुण्याला सायकलीचा नाद उस्तादानेच लावला यात नवल नाही. कुठेतरी एका ठिकाणी तो आपल्यामागे धापा टाकताना दिसावा, एवढीच त्याची माफक इच्छा होती.

पहिलं वर्ष छान गेलं. मेहुणा मागे राहायचा आणि उस्ताद टाकीच्या कठड्यावर बसून त्याला यथेच्छ सुनावायचा. "ये ये, डॉक्टर. मला वाटलं वाटेत दवाखाना उघडलास." दुसऱ्या वर्षी मात्र एका रविवारी मेहुण्याने आधी हात लावला. अर्ध्या चाकाने, पण आधी. उस्ताद खाली येईपर्यंत हसत होता. घरी आल्यावर आठ दिवस बायकोशी बोलला नाही. तिने जेवायला हाक मारली तर भिंतीकडे बघायचा. तिचा काय दोष? काहीच नाही. वड्याचं तेल वांग्यावर.

पुढच्या शनिवारी मेहुण्याची सायकल नेहमीप्रमाणे सर्व्हिसिंगला आली. उस्तादाने चेन पुसली, तेल सोडलं, आणि मग मागच्या ब्रेकचे दोन स्क्रू सैल करून ब्रेक केसभर सरकवला आणि परत आवळला. आता पॅड चाकाच्या चकतीला कायम टेकून राहणार. आवाज येणार नाही, डोळ्यांना दिसणार नाही, फक्त चाक अडणार. लहान मुलाने सदऱ्याचं टोक धरून ठेवावं, तेवढंच.

ते टोक त्याने आठ वर्षं धरून ठेवलं. घासून घासून मेहुण्याचे पॅड दर दोन महिन्यांनी संपायचे. मग उस्ताद ते झिजलेले पॅड चार गिऱ्हाइकांसमोर बोटांत धरून दाखवायचा. "बघा! उतार दिसला की आमचे डॉक्टर ब्रेकला लटकतात. भित्रा तो भित्राच." मेहुणा हसायचा आणि म्हणायचा, "काय करणार भाऊजी, जीव प्यारा आहे." उस्तादाला यात पाप दिसत नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस मेहुणा पुढे, एक दिवस मी पुढे, मग बिघडलं कुठे, असं त्याचं म्हणणं. म्हणणं अर्थात मनातल्या मनात.

रविवारी तो घरी पोचला की बायको दार उघडायची. कडीवरचा हात तसाच ठेवून आधी विचारायची, "आज कोण पुढे?"

"मी. दुसरं कोण?"

मग ती मोठा श्वास सोडायची आणि चहा टाकायला वळायची. नवरा जिंकला याचा हिला केवढा आनंद, असं वाटून उस्तादाला तो चहा फार गोड लागायचा.

दीड महिन्यापूर्वी नेमकं चिमट्यात त्याचं पुढचं टायर फाटलं. मेहुणा थांबतो म्हणाला, तर उस्तादाने त्याला हाकललं. "जा तू, जा. मला काय तुझी सोबत लागते?" मेहुणा गेला आणि साहजिकच टाकीला पहिला हात त्याचा लागला. घरी दार उघडलं, नेहमीचा प्रश्न आला, आणि उस्तादाने उत्तरादाखल हेल्मेट ओट्यावर आपटलं. त्यानंतर अकरा दिवस अबोला. मिठापासून चादरीच्या घडीपर्यंत सगळ्यात खोट, आणि तीही तोंडाने सांगायची नाही. वाढलेलं ताट सरकवायचं, घडी विस्कटून टाकायची. बाराव्या दिवशी बायकोने एक पिशवी भरली. "भावाकडे चार दिवस जाऊन येते," म्हणाली. त्या चार दिवसांचा महिना झाला, आणि टायर फाटल्यापासून टेकडीही बंदच होती.

आता उस्तादाला ती घरी यायला हवी होती. करपलेलं खाऊन आणि स्वतःशी बडबडून तो कंटाळला होता. शिवाय, कोणाला सांगितलं नसतं त्याने, पण संध्याकाळी दुकान बंद करताना त्याचे पाय जड व्हायचे. तरी तिला आणायला मेहुण्याच्या दारात जाणं म्हणजे पायरी उतरणं. त्यापेक्षा रविवार बरा. आधी टाकीला हात लावायचा, कठड्यावर बसायचं, मेहुणा धापा टाकत आला की सहज म्हणायचं, "ताईला पाठवून दे आता, पुरे झालं माहेरपण." वरून बोललेलं शोभून दिसतं. त्या भरवशावर त्याने रविवारी सकाळी उठून घर झाडलं, चादर बदलली आणि दोन कप घासून पालथे घातले.

शनिवारी मेहुण्याने सायकल दुकानात आणली नव्हती. "ठीक आहे ती, राहू दे," असा फोन आला. उस्तादाने फिकीर केली नाही. दीड महिन्यापूर्वी त्यानेच आवळलेला ब्रेक कुठे जातोय?

मुळांच्या जिन्यावर उस्ताद पुढे होता. चिमट्यातही पुढेच होता, पण मागून नेहमीची धाप ऐकू येत नव्हती. दळण सुरू झालं. निम्म्या चढावर पाठीमागे खडी करकरली आणि शांत आवाज आला.

"भाऊजी, उजवीकडून."

त्या वाटेचा नियमच आहे. मागच्याने बाजू सांगायची, पुढच्याने कडेला होऊन वाट द्यायची. आठ वर्षं हे शब्द उस्तादाने दुसऱ्यांना ऐकवले होते. क्षणभर त्याला वाटलं, ऐकलंच नाही असं दाखवावं. पण हात आपोआप डावीकडे वळले. मेहुणा सीटवरून न उठता, तोंड मिटून बाजूने निघून गेला. उस्ताद पेडलवर उभा राहिला, गिअर पाडला, छाती फुटेस्तोवर दामटलं. अंतर वाढतच गेलं.

तो पोचला तेव्हा मेहुणा कठड्यावर बसला होता. टोमणा नाही, हसू नाही. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. उस्तादाने ती घेतली नाही. तो मेहुण्याच्या मागच्या चाकाकडे बघत होता. चकती आणि पॅडच्या मधून उन्हाची बारीक रेघ दिसत होती.

"कोणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलं. तुम्ही जेवढं सरकवलं होतंत, तेवढंच उलटं."

"कसलं सरकवलं? कोणी सरकवलं?" उस्ताद म्हणाला खरा, पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

"भाऊजी, दिवसभर मी लोकांच्या तोंडात केसभराचीच कामं करतो. दातात भरलेलं सिमेंट केसभर उंच राहिलं तरी मला कळतं. माझं चाक मला कळणार नाही?"

"कधी कळलं?"

"दुसऱ्याच महिन्यात. आधी वाटलं, छातीत काहीतरी आहे. तपासून घेतलं. तपासणारे डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, घोड्यासारखे आहात. मग घरी येऊन चाक उचलून फिरवलं, तर दोन फेऱ्यांत थांबलं."

"आणि आठ वर्षं मूग गिळून बसलास?" उस्तादाचा आवाज चढला. चोर तर चोर, वर शिरजोर.

"मी तेव्हाच सैल करायला घेतलं होतं. ताई आली होती आमच्याकडे, समोरच बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, राहू दे रे. ते पहिले आले की माझा आठवडा बरा जातो."

उस्तादाने टाकीला हात टेकला. हात लावायचा म्हणून नाही, उभं राहायला आधार हवा म्हणून.

"म्हणजे तू मुद्दाम हरत होतास."

"कधीच नाही. म्हणून तर घासतं ठेवलं. सैल करून हरायचं तर नाटक करावं लागलं असतं, ते मला जमत नाही. असं जीव तोडून चालवायचो आणि खरोखरच मागे राहायचो."

उस्तादाला राग आला, लाज वाटली, आणि दोन्हीपैकी आधी कोणती गिळावी ते कळेना. सहज म्हणून टाकायचं वाक्य केव्हाच विरून गेलं होतं. तरी विचारायला तर हवं होतं.

"ती कधी येतेय?"

मेहुण्याने बाटलीचं झाकण लावायला बराच वेळ घेतला.

"काल दुपारी मी सायकल तुमच्याकडे आणायला निघालो होतो. ताईने थांबवलं. पाना माझ्या हातात दिला. म्हणाली, आता सैल कर. आता गरज नाही."

मग मेहुणा उठला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि जुन्या सवयीने म्हणाला, "व्हा पुढे, भाऊजी."

"तू हो," उस्ताद म्हणाला.

त्या उतारावर त्याने पहिल्यांदाच मेहुण्याची पाठ पाहिली. वळणावळणाला तो बघत राहिला. भित्र्या डॉक्टरची बोटं ब्रेकवर जेमतेम दोनदा गेली. उस्तादाची मात्र खाली येईपर्यंत सुटली नाहीत. पायथ्याशी मेहुण्याने हात केला आणि तो त्याच्या रस्त्याला लागला.

उस्तादाने घरी येऊन कुलूप काढलं. कडीला हात ठेवून तो दारात थोडा वेळ उभा राहिला, तिथेच जिथे ती उभी राहायची. तिला सायकलीशी काही देणंघेणं नव्हतं, पुढचे सात दिवस कसे जाणार एवढंच ती विचारत होती. हे आज कळलं, आणि कळून उपयोग नव्हता.

"डॉक्टर पुढे," तो रिकाम्या घराला म्हणाला.

मग आत जाऊन ओट्याकडे पाठ करून बसला. हरल्यावर आठ दिवस अबोला धरायची त्याची जुनी रीत. पण अबोला धरायलाही समोर कोणीतरी लागतं.