पिचकाऱ्यांचा दगड

मत्स्यालयात मुलांसाठी एक उथळ हौद होता, हात घालून समुद्रातले जीव बघायचा. त्याची सगळी देखभाल आत्याकडे. तिकीटवालासुद्धा तिला आत्याच म्हणायचा. पण सख्खी भाची एकच, शाळेला सुट्टी म्हणून आज सोबत आलेली.

आत्याचा नियम कडक. समुद्रातून आणलेला दगड आधी आठवडाभर वेगळ्या टबात ठेवायचा, म्हणजे कपारीत दडलेले बिनबोलावलेले पाहुणे बाहेर पडतात. पण कालचा दगड काय देखणा होता! जांभळ्या, केशरी पिचकाऱ्यांनी नुसता लगडलेला. पिचकाऱ्या म्हणजे दगडाला चिकटून राहणारे पिशवीसारखे जीव. दाबलं की पाणी उडवतात. भाचीला ते दाखवायची आत्याला कोण घाई! "एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही," म्हणत तिने दगड सकाळीच हौदात सोडला.

"आत्या, हिने माझ्या नाकावर पाणी मारलं!" भाची खिदळली.

"मारणारच. तू तिचं पोट दाबलंस. तुझं दाबू का?"

हसता हसता आत्याची नजर पोरीच्या मनगटाशी गेली. दोन पिचकाऱ्यांच्या मधे लिंबाएवढा ऑक्टोपस बसला होता. अंगावर निळी कडी चमकत होती. चिडला की ती चमकतात. ह्याच्या विषाने माणसाचं अंग लुळं पडतं आणि श्वासही थांबतो.

"स्टॅच्यू!" आत्या ओरडली.

खेळातली ती हुकमी आरोळी ऐकून पोरगी जागच्या जागी थिजली. आत्याने प्लास्टिकचा मग हळूच पाण्यात सरकवला, ऑक्टोपस आत घेतला, वर थाळी दाबली. सुटलो रे बाबा!

"मी जिंकले ना?" भाची म्हणाली. "तो मघाशीच माझ्या हातावर चढला होता. गुदगुल्या करून गेला."

मनगटावर लाल टिपका होता, डास चावल्यासारखा.

"दुखलं का ग?"

"छे. ओठांना मुंग्या आल्यात फक्त."

"ॲम्ब्युलन्स बोलाव!" आत्याने तिकीटवाल्याला हाक मारली. पोरीला तिने जमिनीवर आडवं केलं, टिपक्यावर ओढणी घट्ट बांधली. ह्या विषाला उतारा नाही. ते ओसरेपर्यंत दुसऱ्याने श्वास देत राहायचं, एवढंच हातात.

पोरीची जीभ जड झाली. पापण्या मिटल्या. छाती हलायची थांबली.

आत्याने तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. छाती वर आली. पुन्हा फुंकर. मेली माझी घाई, मेला तो दगड! पण रडायला श्वास कुठे होता? आणि ह्या विषाने शुद्ध जात नाही, पोरीला सगळं ऐकू येत असणार, हेही तिला ठाऊक होतं.

"ओव्हर," ती दोन फुंकरींच्या मधे म्हणाली. "ऐकतेस ना? ओव्हर झालं ग राणी. आता हललीस तरी चालेल."

पोरगी हलली नाही. एरवी स्टॅच्यू म्हटलं की ती लगेच फिस्सकन हसायची, एकदाही जिंकली नव्हती.

लांबून सायरन ऐकू आला. आत्याने पुन्हा तोंड टेकवलं.