पट्ट्याला शेंदूर

भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात येऊन उभा राहिला आणि सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंख्याची चाचणी अजून व्हायची होती. पण तिच्या थोरल्या भावाला, रविराजला, धीर कुठला? वडील, गहिनीनाथ अण्णा, मागच्या वर्षी गेले तेव्हापासून त्यांचा जुना ट्रॅक्टर याच्या डोळ्यांत खुपत होता.

"म्हातारा झालाय. दम न्हाई त्यात," असं तो सगळ्या सिरसाळा गावाला सांगत सुटला होता.

"दम हाय का न्हाई ते मोजून दावते," ती म्हणाली होती.

"दाव. दम निघाला तर भंगारात घालणार न्हाई. शब्द दिला."

म्हणून तर हा पंखा. सत्यशीला, लखन आणि हरिओम, जुन्या इंजिनांचं वेड लागलेली ही तिघं, उन्हाळाभर त्याच्यामागे राबली. उसाच्या मोडक्या चरकाचा दांडा घेतला, गंजक्या टाकीचे पत्रे कापून रुंद पाती केली. ट्रॅक्टरच्या पुलीवरून पट्टा घालायचा आणि पंखा फिरवायचा. पाती हवा ढकलतात, त्याचा सगळा बोजा इंजिनावर येतो. दमदार इंजिन पंखा गरागरा फिरवतं, दमलेलं आचके देतं.

अर्धं गाव जमलं होतं. रविराजला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, त्यामुळे बघे त्यानंच बोलावले होते. आई भिवराबाईनं नव्या यंत्राची पूजा केली, नारळ फोडला. हरिओमनं ट्रॅक्टर सुरू केला. इंजिन गरजलं. पंखा मात्र झोपेतून उठवल्यासारखा कसाबसा हलला आणि रेंगाळला.

"बघा!" रविराज दात काढून म्हणाला. "पंखा हलवंना, अन् म्हणं नांगर वढतोय!"

सत्यशीलाला भावाचा राग आला, लखनचा त्याहून जास्त आला. "कावून रं लखन? बेअरिंग बसवताना डोळे झाकलेलते का?"

"माझ्यावर कावून खेकसती? इंजिनाचा आवाज ऐक की. मोकळंच पळतंय ते. बोजा लागतच न्हाई त्याला."

आवाज खरंच हलका होता. तिनं इंजिन बंद करायला लावलं आणि पुलीजवळ वाकली. जळक्या तेलाचा वास आला. पट्ट्याला आतून शेंदूर फासलेला! तेलात कालवलेला, मारुतीला लावतात तसा. पट्टा नुसता घसरत होता.

"माय! हे तू केलं?"

"नवं यंत्र हाय. नजर लागू नये म्हणून पट्ट्याला बी लावलं," भिवराबाई भेदरून म्हणाली.

सत्यशीला आईवर ओरडली, नको तितकं ओरडली. मग चुलीतली राख आणून तिघांनी पट्टा आणि पुली घासून कोरडी केली.

दुसऱ्या खेपेला पंखा असा सुटला की रविराजची टोपी फाटकापर्यंत उडाली. इंजिन दबलं, खोल आवाजात घुमलं, पण बंद पडलं नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या. लखन तर नाचायलाच लागला.

रविराजनं टोपी झटकली आणि फोन लावला. "हां शेठ, चालू हाय. लई दमदार हाय. उद्या घिऊन जावा."

"दादा! शब्द दिलता तू!"

"भंगारात न घालायचा दिलता. इकणार न्हाई असं कुठं म्हणलो? शेठला हाटेलापुढं ठिवायचाय, लोकांना फोटो काढायला."

म्हणजे आपल्याच पंख्यानं अण्णांचा ट्रॅक्टर विकला. सत्यशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. हात शिवशिवत होते, भावाच्या तोंडात द्यावी असं वाटत होतं. तेवढ्यात पूजेचं ताट दिसलं. शेंदराची वाटी अजून निम्मी भरलेली होती. तिनं हरिओमला इंजिन बंद करायला लावून खाली उतरवलं, ओंजळीत शेंदूर घेतला आणि ट्रॅक्टरच्या तोंडावर थापला. बॉनेटवर, दिव्यांवर, जिथं हात पोचेल तिथं.

"आता इक! शेंदूर लावलेला देव कोण इकतंय ते गावाला बी बघू दे!"

सगळ्यांत आधी हात जोडले ते भंगारवाल्यानंच. मग बाकीच्यांनी. रविराजनं जमलेल्या लोकांकडं पाहिलं, आपल्या मतांकडं पाहिलं, आणि फोन खिशात घातला.

भिवराबाईनं डोक्यावर पदर घेतला, ट्रॅक्टरच्या पाया पडली आणि लेकाकडं वळली.

"रव्या," ती म्हणाली, "चपला काढ."