लेट म्हणजे उशीर

मी पाटी बोलतेय. दगडाची, लाकडी चौकटीची. कर्जत स्टेशनातले तारबाबू त्र्यंबकराव यांनी मला मुंबईहून आणलं, ते बायकोसाठी. उमानं इंग्रजी शिकावं, ही त्यांची भारी हौस. पण बाईनं पाटी धरली की नवरा दगावतो, असं लोक मानतात. म्हणून माझी जागा तांदळाच्या कणगीमागे.

सासूबाई देवळात गेल्या की मला बाहेर काढायचं. बिग तेच लार्ज, स्मॉल तेच लिटल, असं जोडीजोडीनं उमा शिकली. सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे मुलगाही, हे ऐकून ती खुदकन हसली होती. "अहो, साहेबाच्या देशात शब्दांचा दुष्काळ आहे की काय?"

"लेट" तर तिला पाठच होता. घाटातल्या गाड्या रोजच लेट, आणि जेवायला त्र्यंबकरावही.

मग मुंबईत प्लेग आला. तिथं तारेच्या कामाला माणसं कमी पडली, म्हणून त्र्यंबकरावांना तिकडे धाडलं.

एका दुपारी स्टेशनातला गोरा साहेब अंगणात आला. मागे हमाल नामा, डोक्यावर त्र्यंबकरावांची ट्रंक. साहेबानं टोपी काढली, हळू आवाजात काही बोलला. दाराआडून उमानं दोनच शब्द ओळखले, "लेट त्र्यंबकराव". साहेबाचं बोलणं तिला पहिल्यांदाच कळलं होतं. तिचा चेहरा उजळला.

"सासूबाई, सामान पुढं पाठवलंय. त्यांना यायला उशीर होईल. मी भात टाकते."

"तुला गं कशी कळली साहेबाची भाषा?"

उमानं जीभ चावली. साहेब निघून गेला, पण नामा हलेना.

"वैनी, भात नका टाकू. तारबाबू नाय येनार आता. पलेगानं नेलं त्यांना."

मेलेल्या माणसाच्या नावाआधीही इंग्रज लेट लावतो, हे माझ्यावर कधी लिहिलंच गेलं नव्हतं.

सासूबाईंनी घर धुंडाळून मला शोधलं. "हिनं अक्षरं गिरवली नि माझा पोर खाल्ला!" म्हणत अंगणात आपटलं. माझे दोन तुकडे झाले.

उमाचे केस गेले, अंगावर लाल आलवण आलं. मी गोठ्याच्या भिंतीशी पडून आहे. परवा भांडी घासताना तिनं माझा तुकडा उचलला, भुईवरचा पांढरा खडा हाती घेतला. वाटलं, आता लिहील. पण तिनं खडा टाकला, मला पालथं घातलं आणि देवाला जोडावेत तसे हात जोडून पुटपुटली, "चुकलं माझं."

सासूबाईंचं बोलणं तिला आता खरं वाटतंय. उमाला कुणीतरी सांगा हो, मी तिचा नवरा नेला नाही. पालथ्या पाटीचं ती कसं ऐकेल?