धुराचा आधार

हिमायतनगरच्या नव्या प्रयोगशाळेत परदेशी यंत्र आले, तेव्हा विनयला हायसे वाटले होते. पूर्वी वडिलांचे रक्त तपासणीसाठी मुंबईला जाई आणि उत्तर येईपर्यंत सारे घर श्वास रोखून बसे. आता कागद दुसऱ्याच दिवशी हाती पडे. आजचा कागद वाचून मात्र, ते वाट पाहणेच बरे होते, असे त्याला वाटले.

वडिलांच्या, एकनाथरावांच्या, मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढून वर्ष झाले होते. शस्त्रक्रियेनंतर रक्तातला ‘सीईए’ हा कर्करोगाचा माग देणारा घटक उतरला होता. आता तो पुन्हा चढला होता. चढला तर रोग परतल्याची शंका घ्यायची, हे डॉक्टर अप्पारावांनी आधीच सांगून ठेवले होते.

कागद वाचून डॉक्टरांनी चष्मा काढला. “सिगरेट तो नहीं पीते ना साब? पीनेवालों में भी ये थोडा बढता है.”

सुनंदाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. एकनाथरावांनी एकदाच पत्नीकडे पाहिले.

“पीता हूं,” ते म्हणाले. “छुपके.”

“तो बंद करो. एक महिने बाद फिर देखेंगे. नहीं उतरा तो स्कॅन.”

बाहेर येताच सुनंदाबाई उसळल्या, “खोटारडे कुठले! या वयात चोरून फुंकता?” आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. जन्मभर सिगारेटवरून भांडलेली आई आज त्याच धुराला धरून उभी होती. चिक्कडपल्लीच्या घरी येताच त्यांनी शिरा केला.

संध्याकाळी एकनाथराव पाय मोकळे करायला निघाले. विनय सोबत गेला. कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना पाहून खुलला.

“कित्ते दिनां के बाद आए साब! आपरेशन के बाद छोड दिये बोले थे ना?”

एकनाथरावांनी सिगारेटचे पाकीट घेऊन खिशात टाकले. विनयकडे पाहिले नाही.

गच्चीवर त्यांनी एक पेटवली. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले.

“नाना, कशाला हे?”

“वास यायला हवा ना रे. तुझी आई सदरे भिजवण्याआधी हुंगते.”

“डॉक्टरांना फसवलंत तुम्ही.”

“तिच्यासाठी एक महिना मागून घेतला.”

“आणि त्या महिन्यात ते पसरलं तर?”

एकनाथरावांनी कठड्यावर राख झटकली. खालून भांड्यांचा आवाज येत होता आणि त्यावर सुनंदाबाईंचे गुणगुणणे. कित्येक महिन्यांत ते कोणी ऐकले नव्हते.

विनयने हलकेच त्यांच्या बोटांतली सिगारेट काढून घेतली. “उद्या सकाळी मी डॉक्टरांना खरं सांगणार. स्कॅन लगेच करायचं.”

“आणि तिला?”

विनयने खाली, गुणगुणण्याच्या दिशेने पाहिले. “सिगारेटनं छाती किती खराब केलीत ते पाहायला नेतोय, म्हणेन. निकाल येईपर्यंत. मग मात्र तिला सगळं सांगायचं, नाना. तुम्ही स्वतः.”

एकनाथरावांनी मान हलवली. विनय सिगारेट कठड्यावर विझवू लागला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

“थांब. जरा माझ्या सदऱ्याजवळ धर.”

आणि विनय ती जळती सिगारेट वडिलांच्या पांढऱ्या बाहीजवळ धरून, ती संपेपर्यंत तसाच उभा राहिला.