वाळूतली कोबा

कोबाने पाण्याचा डबा पुढे केला. देबेने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाला, "दुरून आलीस वाटतं, बाई."

"बा, मी कोबा. तुझी लेक."

"असशील. कोबा नावाच्या पुष्कळ आहेत आमच्यात."

गेल्या हिवाळ्यापासून चेहरे त्याच्या हातून निसटले होते. त्याला सांभाळणारी न्हाई मावशी उद्या आपल्या लेकाकडे निघणार होती. म्हणून खाउदुमच्या अभयारण्यात वनरक्षक असलेली कोबा बापाला आपल्या चौकीवर न्यायला आली होती. गाडी पाणवठ्यापलीकडे, घट्ट जमिनीवर उभी होती.

"चल ना, बा."

"परक्या बाईबरोबर? माझी लेक येईल, तिच्याबरोबर जाईन."

कोबाने मान फिरवली. दाणे फोडता फोडता मावशी फिसकन हसली.

"खुरांसारखे बूट घालून आलीयस, तो कशावरून ओळखणार तुला? काढ ते!"

कोबाने बूट काढून खांद्याला अडकवले आणि ती अनवाणी पाणवठ्याकडे चालू लागली.

देबेची नजर माग काढायच्या जन्माच्या सवयीने वाळूवर उतरली. तो वाकला.

"न्हाई! अगं, कोबा आलीय!"

"कुठंय?"

"आत्ताच गेली. पावलाची कडासुद्धा ढासळली नाही अजून." काठी घेऊन तो मागावर निघालाच.

समोर पांढरी माती उन्हात तरंगत होती. तीच माती अंगावर उधळून हत्ती उभे होते, जणू ढगच पाण्यावर उतरलेले. पाय फाकवून एक जिराफ आपल्याच सावलीला तोंड लावत होता. कोबा वाऱ्याची बाजू राखून, हत्तींना लांबून वळसा घालत चालली. वळून पाहावं असं फार वाटलं. खांद्यावरच्या बुटांची दोरी तिने मुठीत घट्ट धरली.

मागून पुटपुटणं येत होतं. "डावा पाय अजून तिरका टाकते. काटा मोडला होता, मीच काढला... टाच रुततेय. थकलीय पोर. सावकाश जाऊ, तिला घाई नको व्हायला."

काठीचा आवाज मंदावला. तो मागे पडू नये म्हणून कोबाने पावलं आखूड केली.

तेही त्याने वाळूत वाचलं.

"फारच दमली गं माझी बाई," तो म्हणाला, आणि आणखी हळू झाला.