खड्ड्यावरची गाडी

त्या गॅरेजात एकाच जातीची गाडी घेतली जायची. मर्सिडीज. दुसरी कुठलीही गाडी दारात उभी राहिली की म्हातारा मिस्त्री मान बाहेर काढून म्हणायचा, "पुढच्या चौकात विचारा," आणि पुन्हा आत. सख्ख्या साडूची गाडी त्याने अशीच परत पाठवली होती. साडूने पुढे चार वर्षं तोंड दाखवलं नाही. मिस्त्रीला त्याचं सुतराम दुःख झालं नाही.

मिस्त्रीला एकच मुलगी. तिचं लग्न झालं तेव्हा, "घर मिळेपर्यंत इथेच राहा, सहा महिने," असं ठरलं होतं. त्या सहा महिन्यांना आता अकरा वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर मिस्त्री "जावईबापू, चहा घेता ना?" असं विचारायचा. ज्या दिवशी जावई हौसेने, गाडीखाली उभं राहून काम करायच्या गॅरेजातल्या खड्ड्यात उतरला, त्या दिवसापासून तो "जावई, सतरा नंबरचा पाना आण" असा झाला. 'बापू' गेला, 'तुम्ही' गेलं, नुसता जावई उरला. गिऱ्हाईकं त्याला जावई म्हणायची, समोरचा टायरवाला जावई म्हणायचा. एकदा दवाखान्यात कुणीतरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर हा मागे वळून बघायला लागला, कोणाला बोलावतायत म्हणून.

काम मात्र त्याला फार चांगलं यायचं. नुसता आवाज ऐकून इंजिनाचा आजार सांगायचा. गेली दोन-तीन वर्षं तर सगळं बारीक काम तोच करत होता. म्हातारा पुढच्या खोलीत बसून गिऱ्हाइकांना कंपनीचा इतिहास ऐकवायचा. लोक गाडीचं दुखणं घेऊन यायचे आणि गोष्ट ऐकून जायचे. कौतुक म्हाताऱ्याच्या पदरात पडायचं, ऑइल जावयाच्या.

म्हणून एक दिवस जावयाने कोणालाही न सांगता कंपनीच्या शोरूमला अर्ज केला. त्यांना अनुभवी मेकॅनिक हवा होता. आठवड्याने फोन आला: गुरुवारी दुपारी दोन वाजता इंटरव्ह्यूला या. त्याने इस्त्रीचा शर्ट कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात लपवला आणि गुरुवारची वाट बघत बसला. सासऱ्याला काय सांगायचं हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नव्हतं. मिळाली नोकरी तर बघू, असं म्हणून त्याने तो प्रश्न पुढे ढकलला होता.

गुरुवारी अकराच्या सुमारास तो खड्ड्यात उतरला. आदल्या दिवशी सांडलेलं ऑइल पुसायचं होतं, बस्स. दहा मिनिटांचं काम. बल्ब लावला, फडकं घेतलं. फोन वर टेबलावर ठेवला होता, खिशातून ऑइलात पडू नये म्हणून.

तेवढ्यात वर इंजिनाची घरघर ऐकू आली. दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी. जुनी, काळी आणि लांबलचक. बाईंना ती वडिलांकडून मिळाली होती आणि त्या तिला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी वागवायच्या. मिस्त्री कुणालाही खड्ड्यावर गाडी लावू देत नसे, ते काम त्याचं स्वतःचं. चाळीस वर्षांची सवय. चाकं खड्ड्याच्या दोन्ही काठांवरून सुतासारखी सरळ आली. जावयाने वर बघितलं तर उजेड पुढून मागे सरकत बंद होत गेला, पेटीचं झाकण लावावं तसा.

"मामा!" तो ओरडला. "अहो मामा, मी आत आहे!"

इंजिन बंद झालं. गिअर टाकल्याचा आवाज आला, हँडब्रेक ओढल्याचा आला, दार लागलं. आणि नेमका त्याच वेळी हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला. तो एकदा सुरू झाला की शेजारचा माणूससुद्धा खुणेने बोलायचा.

खड्डा मिस्त्रीने तरुणपणी स्वतः खणला होता, त्या वेळच्या गाड्यांच्या मापाने. ही गाडी त्याहून लांब. पायऱ्यांच्या टोकाला बंपरखाली वीतभर फट राहिली होती. त्यातून हात बाहेर निघायचा, डोकं नाही. जावयाने हात काढून हलवला. मग पान्याने भिंत ठोकली. मग घसा फुटेस्तोवर ओरडला.

कॉम्प्रेसर थांबला तेव्हा पुढच्या खोलीतून मिस्त्रीचा आवाज येत होता. गोष्ट रंगात आली होती.

"...नवऱ्याने बिनघोड्याची गाडी बनवली, पण घाबरट. गल्लीबाहेर काढेना. बायको खमकी. एक दिवस पहाटे नवरा झोपलेला असताना दोन पोरं घेतली, गाडी काढली आणि निघाली माहेरी. शंभर किलोमीटर! रस्ता नाही, पंप नाही. तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर टोपीची पिन काढून साफ केली. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. सांगा बाई, ती गेली नसती तर या गाडीवर कोणी विश्वास ठेवला असता का?"

जावयाला ही गोष्ट तोंडपाठ होती. पुढे दुसरा कारखानदार यायचा, तोही जर्मन, तोही त्याच वेळी गाडी बनवणारा, आणि दोघांनी म्हणे आयुष्यात एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मग एका बड्या गिऱ्हाइकाने आपल्या लेकीचं नाव गाडीला दिलं. मग दोन्ही कारखाने एक झाले. मग गाडीच्या नाकावरच्या चांदणीची तीन टोकं: जमीन, पाणी, आकाश. जावयाची बायको लहानपणापासून हे ऐकत आली होती. ती एकदा म्हणाली होती, "बाबा, ती बाई गाडी घेऊन परत पण आली होती. ते का नाही सांगत कधी?" म्हातारा म्हणाला होता, "त्यात काय गोष्ट आहे?"

जावई पुन्हा ओरडला. पण खुर्च्या सरकल्या, बाई बाहेर पडल्या, शटर अर्ध्यावर खडखडत खाली आलं. मिस्त्री जिना चढून वर जेवायला गेला. जेवून तो चार-साडेचारपर्यंत झोपायचा, पंखा गरागरा लावून. जावई डबा खाली गॅरेजातच खायचा, म्हणून त्याची आठवण कोणाला होणार नव्हती. बायको इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला, ती साडेचारच्या आत येत नसे.

बारा वाजले, एक वाजला. गरम इंजिनाचा वास खाली साठत गेला. उभं राहावं तर डोकं सायलेन्सरला लागायचं, बसावं तर पुसायचं राहिलेलं ऑइल. तो पायरीवर अर्धवट टेकला. गाडीच्या पोटाकडे बघत बसण्याशिवाय काम नव्हतं. काय बनवलीय! एकेक नट जिथल्या तिथे, हात सहज जाईल असा. पस्तीस वर्षांची गाडी, पण पत्र्याला गंजाचा ठिपका नाही. अकरा वर्षं तो या गाड्यांच्या पोटाखालीच जगत आला होता. रागातसुद्धा त्याला तिचं कौतुक वाटलं, आणि मग त्या कौतुकाचाच राग आला.

पावणेदोनला त्याच्या डोक्यात वीज चमकली. अरे, आपण मेकॅनिक ना? गिअरचा दांडा खालून सोडवता येतो. हँडब्रेकची केबल ढिली करता येते. गाडी मोकळी झाली की खालून रेटा द्यायचा. जमीन पुढे उतरती आहे, आपोआप सरकेल. पाना हातात होताच. पाच मिनिटांत त्याने गिअरचा दांडा सोडवला. केबलच्या नटाला पाना लावला.

आणि थांबला. जमीन उतरती होती ती थेट समोरच्या भिंतीकडे. गाडी मोकळी सुटली की तिला थांबवणारं कोणी नव्हतं. ते लांब काळं बॉनेट, त्याच्यावरची चांदणी, चकचकीत जाळी सगळं भिंतीवर आदळणार. बाईंच्या वडिलांची गाडी. पत्रा काय, सरळ करता येतो. पण तशी जाळी आता कुठे मिळते?

"आपटू दे," तो मोठ्याने म्हणाला. नटावर जोर दिला. नट अर्धा आटा फिरला.

वर टेबलावर फोन वाजायला लागला. दोन वाजले होते.

त्याच्या हातात पाना तसाच राहिला. फोन वाजून थांबला. दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. अडीचला तिसऱ्यांदा. त्याने नट उलटा फिरवून पुन्हा घट्ट केला. गिअरचा दांडा जिथल्या तिथे बसवला. मग पायरीवर बसून, लहान पोरासारखा, ऑइलच्या हातांनी तोंड झाकून रडला. सासऱ्याने आपल्याला मुद्दाम कोंडलं, याबद्दल त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती. खणातला शर्ट त्याने बघितला असणार. फोनवरचं बोलणं ऐकलं असणार. बल्ब जळत होता, दिसला नाही असं कसं होईल?

बायको आली तेव्हा भिंतीवरची ठकठक तिलाच पहिल्यांदा ऐकू आली. फटीतून तिने हात बघितला आणि किंचाळली. "बाबा! बाबा, आधी किल्ली घेऊन खाली या!"

मिस्त्री धडपडत आला. गाडी मागे गेली. उजेड आत आला. जावई वर चढला तो थेट सासऱ्यासमोर उभा राहिला.

"माझा इंटरव्ह्यू होता आज. तुम्हाला माहीत होतं."

"कसला इंटरव्ह्यू?"

"नाटकं करू नका, मामा. अकरा वर्षं तुमच्या खड्ड्यात काढली, आता त्यातच पुरायचं होतं का मला? खाली बल्ब जळत होता! शंभरचा बल्ब! दिसला नाही तुम्हाला?"

म्हातारा गाडीचं दार धरून उभा होता. त्याने मान थोडी वाकडी केली, खड्ड्याच्या दिशेने.

"बल्ब लावला होतास?" त्याने विचारलं.

लावला होता काय, तो अजून जळत होता. तिघांच्या पायाशी, सगळा खड्डा पिवळा करून.

बायको पुढे झाली. तिने बापाच्या तोंडासमोर हात हलवला. काहीच झालं नाही. मग तिने हात उजवीकडे नेला, तेव्हा कुठे म्हाताऱ्याची पापणी हलली.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"डावा गेला दोन वर्षांमागे. काचबिंदू. उजव्याने धुक्यातनं बघावं तसं दिसतं," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या इस्पितळात दाखवलं नाही, तुला कळलं असतं. गाडी लावायला डोळे लागत नाहीत गं. चाकाखालची जमीन कळते."

"आणि खड्ड्यातला माणूस?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने पायाने खड्ड्याचा काठ चाचपला. पहिल्यांदाच त्याच्याजवळ सांगायला गोष्ट नव्हती.

जावयाचा राग असा हवेत लटकून राहिला. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. बॅग उचलून निघता तरी आलं असतं. आता आंधळ्या म्हाताऱ्याला उघड्या खड्ड्यापाशी सोडून कुठे जायचं?

बायकोने ते त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. हात धुवायला गेला तेव्हा मागोमाग येऊन म्हणाली, "हे बघ, तू जा. माझ्या बापासाठी थांबू नकोस. थांबलास तर ते तुला जन्मभर ऐकवतील, आणि तू मला."

दुसऱ्या दिवशी त्याने शोरूमला फोन केला. "घरी अडचण होती," एवढंच म्हणाला. त्यांनी सोमवारी बोलावलं, दोन तास प्रश्न विचारले, आणि कामावर घेतलं.

परत आला तर गॅरेजात सामसूम. डॉक्टरीणबाईंची गाडी खड्ड्यावर, पण या वेळी पायऱ्या मोकळ्या ठेवून लावलेली. बल्ब बंद. खालून पान्याची करकर येत होती. तो वाकला. काळोखात म्हातारा एकटा काम करत होता, बोटांनी नट चाचपत.

"मामा, बल्ब लावू?"

"तुला हवा असेल तर लाव. मला त्याचा काय उपयोग?"

जावई चांगल्या शर्टानिशी खाली उतरला. बघितलं, तर म्हाताऱ्याने गिअरचा दांडा तपासायला घेतला होता.

"हा कोणीतरी सोडून पुन्हा बसवलाय," म्हातारा म्हणाला. "बसवलाय चांगला. पण सोडला कशाला?"

"सुटायला," जावई म्हणाला.

म्हाताऱ्याचा हात दांड्यावर थांबला. भिंत किती लांब, जमीन कुठे उतरती, ते त्याला कोणी सांगायला नको होतं. त्याने दांडा पुन्हा एकदा हलवून बघितला. मग म्हणाला, "मी असतो तर सोडली असती गाडी."

"तुम्ही?"

"नसती सोडली," म्हातारा म्हणाला. "कधी जाणार तू?"

"एक तारखेपासून."

"जा."

एक तारखेला तो गेला. शोरूममधलं वर्कशॉप पांढरं शुभ्र, एका बाजूला काच. काचेपलीकडे गिऱ्हाईकं सोफ्यावर बसून बघत असतात. जमिनीवर पिवळ्या रेघा, प्रत्येकाने आपल्या रेघांच्या आत राहायचं. यंत्र सांगतं काय बिघडलंय. कान लावायचं काम पडत नाही. आठ ते पाच तो त्या रेघांच्या आत असतो आणि सहाला घरी येऊन खड्ड्यात उतरतो, कारण पाच-सहा जुन्या गाड्या अजून येतात आणि त्यांना नाही म्हणायची छाती ना त्याची झाली, ना म्हाताऱ्याची.

शोरूमजवळ दोन खोल्या बघितल्या होत्या. बायकोला आवडल्याही. खड्डा बुजवू आणि बाबांना घेऊन जाऊ, असं ती म्हणाली. मिस्त्री म्हणाला, "मी गेल्यावर बुजवा." मग तो विषय कोणी काढला नाही.

आता रोज सकाळी कामावर जायच्या आधी जावई खड्ड्यावर फळ्या टाकतो. जाड, सागवानी, नऊ फळ्या. म्हातारा वर अंथरुणात पडून प्रत्येक फळीचा आवाज मोजतो. एखाद्या दिवशी घाईत हा शटरकडे वळला, की जिन्यावरून हाक येते, "आठच झाल्या रे. एक राहिली." आणि जावई मागे फिरतो.