मंगळवारचा फोन

ठमाबाईने फळीवरचा पत्र्याचा डबा काढून सुरेखासमोर ठेवला. आत रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं होती, पाच महिन्यांची. एकही फोडलेलं नव्हतं.

सुरेखा पोलादपूरला एका संस्थेत नर्स होती. २००७ साली संस्थेने डोंगरावरच्या वाड्यांतल्या रुग्णांना फोनवरून सल्ला द्यायचं काम सुरू केलं. ठमाबाईच्या मुंबईतल्या मुलाने घरी फोन बसवला होता, म्हणून तिचा नवरा चांगू रक्तदाबाच्या रुग्णांच्या यादीत आला. दर मंगळवारी सुरेखा विचारी, काकांनी गोळ्या घेतल्या का, मीठ कमी केलं का. चांगू म्हशींमागे गेलेला असे. ठमाबाईच सगळ्याला हो म्हणे. सुरेखा कागदावर खुणा करी. बैठकीत साहेबांनी त्या वाडीचं नाव घेऊन तिचं कौतुकही केलं होतं.

मग दोन मंगळवार फोन कुणी उचलला नाही. तिसऱ्या वेळी ठमाबाईने उचलला आणि सांगितलं, चांगू रानातच कोसळला. डोलीतून खाली उतरवेपर्यंत गेला.

म्हणून सुरेखा पहिल्यांदाच दीड तास चढून वाडीवर आली होती.

"डोकं दुखत नाय, मग गोळी कशाला, म्हणायचे," ठमाबाई म्हणाली.

"मग मला का नाही सांगितलंत, काकू?"

ठमाबाईने डब्याचं झाकण लावलं. "घेतली म्हटलं की तुझा आवाज खूश व्हायचा गो. दुसरं कोण फोन करतंय आम्हाला?"

सुरेखाने पिशवीतून यंत्र काढलं आणि ठमाबाईच्या दंडाला पट्टा बांधला. पारा एकशे नव्वदवर होता. पाच महिन्यांत तिने ठमाबाईला तिच्या तब्येतीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना चांगूचे कागद चुकीचे असल्याचं सांगितलं. अहवाल पुढे गेलाय, आता राहू दे, असं ते म्हणाले. तिने आपल्याजवळच्या प्रतीवरच्या सगळ्या खुणा खोडल्या.

डॉक्टरांनी ठमाबाईलाही गोळ्या सुरू केल्या. पुढच्या मंगळवारी सुरेखाने फोन लावला.

"काकू, गोळी घेतलीत?"



"नाय घेतली," ठमाबाई म्हणाली.

सुरेखा रागावली नाही. म्हणाली, मी फोन धरून थांबते.

रिसीव्हर जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, आणि हंड्यात बुडवलेल्या तांब्याचा आवाज.